लग्नाची तिथी आणि उसाची तोड
— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग

दिवाळी होते, तुळशीचे लग्न लागते आणि आपल्या भागात दोन गोष्टींची घाई एकदमच सुरू होते. एक गाळपाची आणि दुसरी लग्नसराईची. कारखान्याचा भोंगा वाजतो न वाजतो तोच गट कार्यालयाच्या दारात सभासद येऊन उभे राहतात. हातात पत्रिका असते, नाहीतर नुसताच शब्द असतो : "साहेब, पोरीचं लगीन काढलंय, तेवढा ऊस आधी घालवा." कुणी सांगतो, "मुहूर्त धरलाय, आता मागं फिरता येत न्हाई, काय करायचं ओ?" हंगामात असे सभासद आमच्याकडे इतके येतात की, या विषयावर एकदा सविस्तर लिहावे असे शेती विभागाला वाटले. लग्न ही घरची बाब आहे, त्यात कारखान्याने नाक खुपसू नये, असे कुणाला वाटेल. पण लग्नाचा खर्च शेवटी उसाच्या बिलातून जातो आणि ऊस आमच्या नोंदवहीत असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

लग्न ठरवताना घरातली मंडळी पंचांग पाहतात, कार्यालयाची तारीख पाहतात, मामाला सुट्टी आहे का ते पाहतात. पण लागणीची तारीख पाहत नाहीत. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तिला सोळा ते अठरा महिने लागतात. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, ती चौदा-पंधरा महिन्यांनी तोडीला येते. जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण आणि खोडवा साधारण वर्षाचे. आपल्याकडे अजूनही ज्याचा पेरा भरपूर आहे तो को ८६०३२ वाण बारा महिन्यांच्या आत तोडण्यासारखा नसतो. ब्रिक्स मीटर लावून पाहिले की बुडख्याकडची आणि शेंड्याकडची गोडी जवळजवळ सारखी दिसली पाहिजे. शेंडा पाणचट आहे म्हणजे ऊस अजून साखर भरतो आहे.

अशा वेळी मुहूर्तासाठी ऊस महिना-दीड महिना आधी घालवला तर काय होते? वजन तर घटतेच. समजा एकरी पन्नास टनांच्या जागी पंचेचाळीस भरले आणि दर टनाला ३,२०० रुपये हाती पडला, तर एकरी सोळा हजार रुपये शेतातच राहिले. बँडवाल्याशी हजार-दोन हजारांसाठी तासभर घासाघीस करणारे आपण, हे सोळा हजार मात्र कुणाच्या हिशेबात धरत नाही. शिवाय उतारा घटतो तो वेगळाच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. हा उतारा एकट्याचा नसतो, सगळ्या कारखान्याचा असतो. कोवळा ऊस एकाच्या मांडवासाठी आला की त्याची वजाबाकी सर्व सभासदांत वाटली जाते. आणि एकाची तोड पुढे ओढली की दुसऱ्या कुणाची तरी मागे जाते. तो दुसरा भिडस्त असतो, कार्यालयात येत नाही, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू. ऊस पक्व आहे, नोंदीप्रमाणे जानेवारीत तुटायचा आहे, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याची तिथी धरली. कागदावर बरोबर. पण टोळी वेळेवर आलीच असे नाही, मशीन बंद पडते, अवकाळीने रस्ता चिखलात जातो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यापुढे वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज. पण हे चौदा दिवस ऊस काट्यावर आल्यापासून मोजायचे, तो शेतात उभा असताना नव्हे. तेव्हा आमचे सांगणे असे की, नोंदीप्रमाणे तोडीचा जो पंधरवडा येईल त्यात निदान दोन महिने मिळवा आणि त्यानंतरचीच तिथी धरा. जानेवारीत तुटणाऱ्या उसाचे लग्न चैत्र-वैशाखात. आडसालीचा ऊस डिसेंबरात गेला तर माघ-फाल्गुनही चालेल. पौषात आपल्याकडे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे मधला महिना आपोआपच सुटतो. वैशाखात गर्दी होते, कार्यालये मिळत नाहीत, हे खरे. अधिक मास आला तर आणखी ओढाताण. २०२६ साली १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन सराईतला महिना मुहूर्तातून वजा. अशा वर्षाचा विचार वर्षभर आधीच झाला पाहिजे.

हळदीच्या दिवशी टोळी आली, हा प्रकारही दर हंगामात कुठे ना कुठे घडतो. घरात पाहुणे, मांडवात चूल पेटलेली आणि शेतात कोयते. मालक शेताकडे फिरकू शकत नाही. तोड बुडख्यापासून होते की नाही, पाचट कुठे गेले, मोळी कशी बांधली, काट्याची पावती कुणाकडे, याकडे लक्ष द्यायला माणूस नाही. वाढे कुणी नेले त्याचाही पत्ता नसतो आणि लग्नघरात चार जनावरे हंबरत असतात. तोडलेला ऊस रस्त्याकडेला दोन दिवस पडून राहिला तर वजन उन्हात जाते. म्हणून कार्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ दिवस चिटबॉयला लेखी कळवून ठेवा, म्हणजे तुमची पाळी पुढे-मागे करता येते. ऊस घालवण्यासाठी लग्नघराकडून जास्त खुशाली उकळली जाते, हे आम्हालाही कळते. "लग्नाचं घर हाय, द्या की हजार रुपये" असे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, गट कार्यालयात सांगा. तुम्ही दिले की शेजारच्याला दीड हजार मागितले जातात.

आता पैशाचा हिशेब. आपले सभासद लग्नाचे अंदाजपत्रक करताना "एकरी इतके टन, टनाला इतका दर" असा गुणाकार करतात आणि आलेल्या आकड्यावर कार्यालय ठरवतात. पण तो आकडा बिलाचा असतो, हाती येणाऱ्या पैशाचा नसतो. समजा एक एकर आहे, पंचेचाळीस टन निघाले आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन ३,२०० पडले. १ लाख ४४ हजार झाले. त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज समजा ७० हजार वळते झाले. उरले ७४ हजार. पाणीपुरवठा संस्थेची पाणीपट्टी आणि कारखान्याकडून उधारीवर उचललेली खते व बेणे मिळून १४ हजार. राहिले ६० हजार. खोडव्याला पाचट कुट्टी, खत, भरणी, मजुरी धरून २५ हजार बाजूला काढायलाच हवेत. शिल्लक ३५ हजार. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. पण जो दीड लाखाचा ऊस आपण बोलण्यात धरतो त्यातले लग्नाला मिळतात ते एवढेच आणि त्यातही वर्षभराचे घर चालवायचे असते.

मग उरलेली रक्कम येते कुठून? हातउसने, पतसंस्था, सोनेतारण आणि बऱ्याचदा पुढच्या पिकाचे कर्ज. शेती खात्यात काम करताना आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या शेवटच्या मार्गाची. लागणीचे कर्ज लग्नाला जाते. कागदावर नांगरट, बेणे, खत असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात त्यातून मंडपवाला भागतो. मग लागणीला खताचा पहिला हप्ता चुकतो, भरणी उशिरा होते, तणनाशकाची फवारणी राहते. असा फड आम्ही बांधावरून ओळखतो. फुटवे कमी, पाने पिवळी आणि मालक विचारल्यावर जमिनीला दोष देतो. पुढच्या वर्षी पंचेचाळीसच्या जागी बत्तीस-पस्तीस टन. कर्ज तेवढेच, ऊस कमी. शासनाच्या व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. ते थकले की ही सवलत जाते आणि नवे कर्जही अडते. बिनव्याजी पैसा सोडून सावकारी दराचा पैसा आणायची पाळी एका लग्नाने येते.

या बाबतीत जुना दाखला पाहण्यासारखा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथून दंगा सुरू झाला आणि पुणे व अहमदनगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. त्यानंतर सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जात बुडतो, असे साहेब लोक तेव्हा सर्रास म्हणत. आयोगाने मात्र तपासाअंती म्हटले की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग क्वचित येतात आणि वर्षांच्या हिशेबात तो खर्च फार मोठा नसतो. हे आम्हालाही पटते. शेतकऱ्याने आयुष्यात दोन-चार वेळा आनंद करायचा, तोही कुणाच्या डोळ्यांवर यावा, हे बरे नव्हे. पण त्या काळच्या लग्नात कार्यालय नव्हते, केटरर नव्हता, ड्रोनचा कॅमेरा नव्हता आणि साखरपुड्यालाच पाचशे पान उठत नव्हते. जुन्या देण्यावर नवे देणे चढले की माणूस बुडतो, हे तेव्हाही खरे होते. तेव्हा लग्न करा, हौसेने करा. पण ज्या वर्षी सोसायटीची थकबाकी आहे किंवा खोडवा बसला आहे, त्या वर्षी हात आखडता घ्या, नाहीतर वर्षभर थांबा.

आणि साधे लग्न म्हणजे कमीपणा, असे तरी कोल्हापूरच्या मातीत कुणी म्हणू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. भटजी नाही, मोठा खर्च नाही. वधू-वरांनी एकमेकांना वचन द्यायचे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्यात अग्रभागी असलेल्या भास्करराव जाधवांनी 'घरचा पुरोहित' लिहून घरच्याच माणसाला विधी करता येतील अशी सोय केली. हेच भास्करराव आपल्या भागातल्या सहकारी चळवळीच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी एक. ज्या माणसाने सहकार रुजवला त्यानेच लग्नाचा खर्च कमी करण्याची वाट दाखवली, यात आम्हाला तरी योगायोग दिसत नाही. अलीकडचा दाखला हवा असेल तर २०२० सालच्या टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्ने लागली, २०२१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसांत आणि दोन तासांत. ती जोडपी काही कमी लग्न झालेली नाहीत. त्यांची लेकरे आज शाळेत जातात.

आता प्रत्यक्ष नियोजनाकडे वळू. ज्यांचे लग्न आहे त्या मुला-मुलीने पहिल्यांदा एकत्र बसावे, ही आमची आग्रहाची सूचना. वडीलधाऱ्यांना हे जरा वावगे वाटेल. पण लग्नाचे कर्ज ज्या घराच्या बिलातून कापले जाणार, त्या घरात पुढची वर्षे काढायची आहेत ती या दोघांनी. जी सून पहिल्या दिवाळीला माहेरी जाऊन येते आणि घरी आल्यावर तिला कळते की यंदाचे बिल शून्य आले, तिला हे आधीच कळायला नको होते काय? मुलाकडच्यांनी एकर सांगताना सातबारावरचा बोजाही सांगावा. मुलीकडच्यांनी नुसते एकर मोजू नयेत, इतर हक्कात काय लिहिले आहे तेही पाहावे. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. ती खरी आहे. पण कर्ज लपवून थाट दाखवल्याने ती दूर होणार नाही.

आपल्याकडे लग्न ठरताना यादी होते. कुणी काय करायचे, मानपान कुणाचा, भांडी कुणाची, लग्न कुणाच्या दारी. ही पद्धत चांगली आहे, फक्त तीत खर्चाचे आकडे लिहीत नाहीत. आमचे म्हणणे, यादीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी किती खर्च करायचा तो आकडाही लिहावा आणि खाली सह्या कराव्यात, म्हणजे ऐनवेळी "आमच्यात असं नसतंय" म्हणायला जागा राहत नाही. हुंडा मात्र त्या कागदावर नको आणि कागदाबाहेरही नको. १९६१ च्या कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. शिक्षा किमान पाच वर्षे कैद, आणि दंड पंधरा हजार किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यांत जो जास्त असेल तो. राजीखुशीच्या भेटींची यादी करून दोन्हीकडच्या सह्यांनी ठेवावी, असा १९८५ चा नियमच आहे. ही यादी पुढे मुलीच्या उपयोगी पडते. तिची एक प्रत तिच्याजवळ हवी. आणि वय : मुलगी अठरा, मुलगा एकवीस पूर्ण. एक दिवसही कमी नको. २००६ च्या कायद्याखाली लग्न लावणारा आणि त्याला मदत करणारा, दोघेही अडकतात.

यादी पे शादी ही आपल्या भागातली पद्धत अलीकडे मागे पडत चालली आहे. सकाळी यादीला बसायचे आणि त्याच मांडवात दुपारी अक्षता टाकायच्या. साखरपुड्याचे वेगळे जेवण वाचते, दोनदा पाहुणे बोलवावे लागत नाहीत, दोनदा साड्या घ्याव्या लागत नाहीत. खर्चात एवढी बचत दुसऱ्या कशानेही होत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान साखरपुडा घरच्या सोप्यात करावा. तसेच दुपारी लग्न आणि संध्याकाळी वेगळा स्वागत समारंभ, ही शहरातली पद्धत हल्ली गावात आली आहे. एकाच दिवशी दोन जेवणावळी. नोकरीवरचे मित्र दुपारी येऊ शकत नाहीत म्हणून स्वागत समारंभ करायचा असेल तर लग्न घरच्या शे-दीडशे माणसांत गावच्या देवळात लावावे आणि जेवण एकदाच, संध्याकाळी द्यावे.

जेवणाचा अंदाज पत्रिकांवरून काढू नये. गावात चूलबंद आवतण असते. एका पत्रिकेमागे एका घरातली पाच माणसे येतात, तर लांबच्या पाहुण्यांच्या घरून एकच जण येतो. वहीत घरवार नावे लिहा, समोर माणसे लिहा आणि मग बेरीज करा. आचाऱ्याशी किंवा केटररशी बोलताना कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावे लागणार, ताटे कोण मोजणार आणि उरलेले अन्न कुणाचे, हे तीन मुद्दे लिहून घ्या. बुफेत माणूस एकदाच ताट भरतो आणि निम्मे टाकतो, असे आमचे निरीक्षण. पंगतीत वाढपी विचारून वाढतात, नासाडी कमी होते. भावकीतली पोरे वाढायला उभी राहिली तर पंगतीसारखे दुसरे काही नाही. मसालेभात, वांग्याची भाजी, पुरी, जिलेबी, मठ्ठा एवढ्यावर माणूस तृप्त होतो. चायनीजचा स्टॉल आणि पाणीपुरीचा स्टॉल कुणाच्या हौसेखातर लावतात ते आम्हाला कळलेले नाही, कारण त्यांच्यासमोर नेहमी लहान पोरेच असतात. सभासदांना सवलतीत मिळणारी साखर वर्षभर जपून ठेवली तर कार्याला उपयोगी पडते. ती दुकानदाराला देऊन चार पैसे करायचे आणि लग्नात त्याच्याचकडून चढ्या भावाने घ्यायची, हा उलटा व्यवहार टाळावा.

अक्षतांचा तांदूळ हाही थोडा विचार करण्याचा विषय. हजार माणसांनी वीस-वीस ग्रॅम टाकले तरी वीस किलो तांदूळ पायांखाली जातो. फुलांच्या पाकळ्या चालतात, किंवा अक्षता फक्त जवळच्यांच्या हातात द्याव्यात. अक्षता मात्र मुहूर्तावर टाका. उन्हात हजार माणूस बसलेले आणि माईकवरून सत्काराची नावे चालूच, असे चित्र सगळीकडे दिसते. फेटे बांधा, श्रीफळ द्या, पण अक्षता पडल्यावर. मान्यवर मंडळींनीही (यात आपले संचालक आणि आम्ही अधिकारी सगळेच आलो) "माझं नाव घ्यायचं न्हाई" असे आधीच सांगितले तर यजमानाची सुटका होईल. टॉवेल-टोपीचा आहेर तर निव्वळ फिरता माल आहे. या लग्नातली टोपी पुढच्या लग्नात, डोक्यावर कधीच नाही. पत्रिकेत "आहेर आणू नये" असे छापायचे असेल तर आपणही कुणाला आहेर करू नये, तरच ते टिकते.

कार्यालय ठरवताना भाड्याखेरीज वीज, जनरेटर, स्वच्छता, पाणी आणि गॅस वेगळे आहेत का ते विचारा. अनामत किती, तारीख बदलल्यास किती परत, हे पावतीवर लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका प्रसंगापोटी रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. मोठ्या रकमा बँकेमार्फत द्याव्यात म्हणजे पुरावाही राहतो. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हा २००० सालच्या ध्वनी नियमांचा दंडक. वरातीला डॉल्बी लावून म्हाताऱ्या-कोताऱ्यांची छाती धडधडवण्यापेक्षा हलगी-घुमके आणि लेझीम कितीतरी बरे. थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पत्रावळी किंवा स्टीलची ताटे वापरावीत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेऊ नका. ट्रॉली मालासाठी आहे. अपघात झाला तर विमा मिळत नाही आणि पदरी दुःख येते. हंगामात रात्रीच्या वेळी उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात, काहींना मागे परावर्तक नसतात, कारखान्याच्या गेटाजवळ तर रांगा लागलेल्या असतात. लग्नाची गाडी त्या रस्त्याने जाणार असेल तर ड्रायव्हर झोप झालेला आणि शुद्धीवरचा असावा. ज्यांच्या ट्रॅक्टरवर वाहतुकीचा करार आहे त्यांनी मागे परावर्तक व लाल कापड लावलेच पाहिजे.

पैसा साठवायचा कसा, हा प्रश्न उरतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्या नावाने बँकेत दरमहा आवर्त ठेव सुरू करावी. महिना दोन हजार म्हणजे पाच वर्षांत मुद्दल १ लाख २० हजार, व्याज वेगळे. दरमहा जमत नसेल तर बिलाच्या वेळी टनामागे शंभर रुपये बाजूला टाकावेत. नव्वद टनांच्या घरात वर्षाला नऊ हजार होतात. हा पैसा तिच्या शिक्षणाला लागला तर लग्नाला कमी पडेल, पण त्याची चिंता करू नये. शिकलेल्या मुलीच्या लग्नाला थाट कमी लागतो. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी शासनाची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना आहे. तिची सध्याची रक्कम आणि अटी महिला व बालविकास कार्यालयात विचाराव्यात.

लग्न लागले की नोंदणी. राज्यात १९९८ चा कायदा लागू आहे. नव्वद दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांसह, गावात असाल तर ग्रामपंचायतीत नोंद करावी. वयाचे आणि रहिवासाचे दाखले, लग्नाचा फोटो आणि पत्रिका बरोबर न्यावी. पुजेला जाण्याआधी हे काम उरकले तर बरे. जोतिबा आणि अंबाबाई थांबतील, नव्वद दिवस थांबत नाहीत. ज्यांना नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचे आहे त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते हे ध्यानात ठेवून तारीख धरावी.

यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी लागण नोंदीची पावती घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. तोडीचा अंदाजे पंधरवडा सांगितला जाईल, पाणी कधी तोडायचे तेही सांगू. तोडीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद हवे. १५ फेब्रुवारीनंतर तुटणाऱ्या उसाचा खोडवा ठेवू नये, त्यामुळे अशा सभासदांनी नव्या लागणीचा खर्चही लग्नाच्या हिशेबात आधीच धरावा. आणि लग्न झालेल्या सभासदांनी शेअर्स विभागात येऊन भागावरची वारस नोंद दुरुस्त करून घ्यावी. वडिलांच्या नावानंतर पुढे काहीच लिहिलेले नाही, असे पुष्कळ भाग आहेत. पत्नीचे नाव लावायचे असेल तर दोघांची ओळखपत्रे, दोन फोटो आणि भागाचा दाखला बरोबर आणावा. फॉर्म तेथेच मिळतो.